अहमदपूरच्या रसवंतीवर विकलेली बेस गिटार

नांदेड आणि लातूर यांच्या साधारण मध्यावर अहमदपूर येतं. तिथे बायपासला लिंबाखाली एक रसवंती आहे. तिचा चरक डिझेल इंजिनावर चालतो, विजेचं कनेक्शन नाही, म्हणजे प्लगचा प्रश्नच नाही. माझ्या हातून गेलेली सगळ्यात चांगली बेस गिटार मी त्या रसवंतीवर विकली. जागा मीच सुचवली होती, आणि मुद्दाम सुचवली होती.

ती गिटार अँपला जोडली की घुमायची. तारेला बोट लावा की न लावा, स्पीकरमधून एकसारखा घूं आवाज, डब्यात भुंगा कोंडल्यासारखा. साउंडवाले याला हमिंग म्हणतात. घेणाऱ्याने एकदा जरी अँपला लावून पाहिली असती तरी व्यवहार तिथेच मोडला असता. घेणारे लातूरचे एक टेलर होते, पन्नाशी ओलांडलेले, लग्नाच्या हंगामात ऑर्केस्ट्रात बेस वाजवणारे. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही म्हणतो. रस पिता पिता त्यांनी गिटारीची मान डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते पाहिलं, चारही जाड तारांवरून अंगठा फिरवला आणि एकच विचारलं, "सर, आवाज साफ हाय ना?"

मी म्हणालो, "एकदम साफ."

मास्तरांनी गिटार चादरीत गुंडाळून एसटीत टाकली आणि गेले. मी मोटारसायकलवर परत नांदेडला निघालो. लोहा येईपर्यंत दोनदा थांबून मोबाइल पाहिला, फोन येऊन गेला की काय म्हणून.

आता मी कोण ते सांगतो. मी ज्युनिअर कॉलेजवर फिजिक्स शिकवतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे माझी लाज निघणार आहे आणि निघायचीच तर पूर्ण निघावी. बेस गिटार हा माझा छंद. ना मी कुठल्या बँडमध्ये आहे, ना कधी स्टेजवर चढलो. घराच्या मागच्या खोलीत बसून दुपारी एकटाच वाजवतो. खरं सांगायचं तर वाजवतो कमी आणि घेतो-विकतो जास्त. सहा वर्षांत अकरा गिटारी आल्या नि गेल्या. एक घरात आली की पंधरा दिवस नवलाई, मग तिची मान जाड वाटायला लागते, मग रंग डोळ्यांत खुपतो, मग मी पुन्हा मोबाइलवर जुन्या गिटारींचे फोटो चाळत बसतो. जेवताना, वर्गात पोरं गणितं सोडवत असताना, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. बायको म्हणते, तुम्हाला गिटार नको असते, तुम्हाला शोधाशोध पाहिजे असते. तिचं चुकत नाही, पण तिने ते म्हटलं की माझं डोकं फिरतं.

डोकं माझं तसंही लवकर फिरतं. आमच्या घराचंच बघा. घर वडिलांनी बांधलेलं. ते वायरमन होते, सगळी फिटिंग त्यांनी स्वतःच्या हाताने केली. ते गेल्यावर आई माझ्याकडेच असते. तिची एक सवय होती. रोज सकाळी भांडी विसळून झाली की एक तांब्या पाणी घेऊन ती मागच्या दाराने बाहेर जायची आणि भिंतीच्या कोपऱ्यात जमिनीतून वर आलेल्या एका लोखंडी पाइपाच्या बुडाशी ओतायची. ना तिथे झाड, ना वेल. तीन वर्षांमागच्या उन्हाळ्यात नळाला पाचव्या दिवशी पाणी येत होतं आणि मी बादल्या मोजून वापरत होतो. अशात मी तिला तो तांब्या ओतताना पाहिलं आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "आई, पाणी काय नळाला रोज येऊन राहिलंय का? लोखंडाला पाणी घालून त्याला काय पालवी फुटणार आहे?" ती म्हणाली, त्याला पाणी लागतं, तुझे बाबा टाकायचे. मी म्हणालो, बाबा होते तेव्हा पाणी होतं. दुसऱ्या दिवसापासून तिने तांब्या नेणं बंद केलं. मला वाटलं, चला, एक तरी गोष्ट ऐकली.

ती गिटार मला मिळाली मुदखेडला, रेल्वे क्वार्टरमध्ये. तिथल्या एका तिकीट तपासनिसाची बदली झाली होती आणि सामान आवरताना त्यांना ती नकोशी झाली होती. तपकिरी रंग, जिथे मनगट टेकतं तिथलं पॉलिश घासून आतलं लाकूड उघडं पडलेलं. मी पलंगावर बसून सगळ्यात जाड तार नुसती छेडली. अँप नव्हता, काही नव्हतं. तो सूर लाकडातून माझ्या बरगड्यांत उतरला आणि पलंगाच्या पट्टीतही थोडा घुमला. मी भावाची घासाघीसही केली नाही. येताना पॅसेंजरमध्ये ती मांडीवर आडवी घेऊन बसलो होतो, तान्हं लेकरू घेऊन बसतात तसा. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की एक गिटार घेतली आणि दुसऱ्या गिटारीचा विचार मनात आला नाही.

घरी आलो, अँपला लावली, आणि घूं.

मग सुरू झाली दुरुस्ती. केबल बदलली. सॉकेट बदलला. आवाजाची बटणं बदलली. पाठीमागचं झाकण उघडून आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवली, एकेक डाग नव्याने सोल्डर केला, बोटं भाजून घेतली. थोडा फरक पडल्यासारखा वाटायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अनवाणी बसून तारेला हात लावला तर बोटांना बारीक मुंग्या यायच्या, तोही दोष मी गिटारीच्या खात्यावर टाकला. माझ्याकडे दुसरी एक काळी गिटार होती, वेगळ्या बनावटीच्या पिकअपची. पिकअप म्हणजे तारेचं कंपन पकडणारं चुंबक आणि वेटोळं. काळीची वेटोळी जोडीची, त्यामुळे ती इतकी घुमत नव्हती. म्हणजे दोष तपकिरीतच, असा मी शोध लावला. तिच्याआधीच्या दोन गिटारी मी याच कारणाने विकल्या होत्या, एक हैदराबादला, एक पुण्याला. तीन गिटारी एकाच घरात एकच रोग घेऊन येतात, तर रोग घराला असेल, इतकं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. उलट वाटलं, आपलं नशीबच फुटकं.

बाजारात जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांच्याकडे नेली. त्यांनी दुकानातल्या अँपला लावून पाहिली आणि म्हणाले, बेटा, हिच्यात काही नाही, घेऊन जा. मी मनात म्हटलं, समोर एवढे रिक्षांचे हॉर्न वाजतायत, चाचांना घूं काय ऐकू येणार. त्यांचा चहा पिऊन निघालो, विश्वास मात्र ठेवला नाही.

चार महिने असे गेले. दर दुपारी तिला घ्यायची, चालू करायची, वैतागून बंद करायची. आई दारात येऊन विचारायची, एवढी चांगली वाजते तर सारखी खोलून कशाला बसतो? मी म्हणायचो, तुला नाही कळणार त्यातलं. शेवटी एका दुपारी इतकी चीड आली की तिचा फोटो काढून विकायला टाकला. आधी जे फोन आले त्यांना हमिंगचं खरं सांगितलं. कोणी घेतली नाही. मग मास्तरांचा फोन आला आणि त्यांना मी ते सांगितलं नाही. भाव मात्र अर्धा सांगितला. आपण फसवत असलो तरी फार फसवत नाही, एवढं समाधान मला हवं होतं.

विकली आणि माझी झोप उडाली. मास्तरांचा फोन आज येईल, उद्या येईल. लातूरचा अनोळखी नंबर दिसला की मी फोन पालथा घालून ठेवायचो. काय बोलायचं याची तयारीही करून ठेवली होती, आमच्याकडे तर बरी होती, तुमच्याच अँपमध्ये काही असेल. आठवडा गेला, महिना गेला, सहा महिने गेले. फोन नाही. शिव्या देणारा माणूस परवडतो, गप्प बसणारा नाही. काळी गिटार हातात घेतली की मुदखेडचा तो सूर आठवायचा, मग मास्तरांचा चेहरा आठवायचा आणि मी उठून फेऱ्या मारायचो. बूड एका जागी टिकेना. सूर गेला तो गेलाच आणि वर एका भल्या माणसाला शेंडी लावली. दोन्ही गोष्टी एकदमच टोचत होत्या. ती गिटार मला परत हवी होती, घुमणारी का होईना. हे मी बायकोलाही बोललो नाही.

मग पेपर तपासणीच्या कामाने लातूरला जावं लागलं. काम दुपारीच आटोपलं. एसटी स्टँडकडे जायचं तर पाय मास्तरांच्या गल्लीकडे वळले. दुकान लहान, दोन मशिनी, भिंतीला शेरवान्या लटकवलेल्या. मला दारात पाहिलं आणि मास्तरांचा चेहरा उतरला. खडू हातातच राहिला. मला वाटलं, झालं, आता हे सगळ्या गल्लीसमोर माझी लाज काढणार.

पण त्यांनी घाईघाईने स्टूल पुसलं, चहा सांगितला, नांदेडला ऊन कसं काय विचारलं. मी म्हणालो, लई आहे. त्यांनी विचारलं, शेती कशी? मी म्हणालो, मला शेत नाही. ते म्हणाले, हाव, खरंय. असं आमचं चहा संपेपर्यंत चाललं. गिटार समोरच होती, कोपऱ्यात, सफारीच्या उरलेल्या कापडाची खोळ शिवून घातलेली. कडेला दुहेरी टीप मारलेली. मी तिच्याकडे बघत नव्हतो आणि मी बघत नाही ना, हे मास्तर बघत होते.

शेवटी मीच विचारलं, वाजते का बरी?

मास्तर उठले. खोळ काढली, दुकानातल्याच छोट्या अँपला केबल लावली, आवाजाचं बटण पार वर नेलं. मी दात आवळून बसलो. काहीच आलं नाही. मला वाटलं अँप बंद आहे. मग त्यांनी सगळ्यात जाड तार छेडली आणि मुदखेडच्या क्वार्टरमधला तो सूर, पण दसपट मोठा, स्वच्छ, त्या दुकानात भरून राहिला. कात्रीसुद्धा टेबलावर थरथरली. तार दाबून त्यांनी सूर थांबवला आणि पुन्हा शांतता. घूं नाही, काही नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवायचं म्हणून मी चहाचा रिकामा कप तोंडाला लावला.

मी विचारलं, काय दुरुस्त केलंत? मास्तर म्हणाले, दुरुस्त कशाला, एक स्क्रूबी खोलला न्हाई.

तेवढ्यात मागच्या दाराशी पाण्याचा आवाज झाला. मास्तरांच्या घरच्यांनी धुण्याचं उरलेलं पाणी बादलीभर नेऊन कोपऱ्यात ओतलं होतं. चार विटांचा चौकोन, मध्ये लोखंडी पाइप. मी विचारलं, ते काय आहे. मास्तर म्हणाले, अर्थिंग. मशीनची मोटर झटका द्यायची म्हणून नवीन करून घेतलं, कोळसा-मीठ भरून. माती सुकली की अर्थिंग मरतं, म्हणून धुण्याचं पाणी तिकडं. मग ते थोडे संकोचून म्हणाले, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर याचेच सर.

मी याचाच सर. दर वर्षी हे मी फळ्यावर काढतो. आडवी रेघ, तिच्याखाली लहान रेघ, तिच्याखाली अजून लहान. ती जमीन आहे, पोरांनो, नको असलेली वीज तिच्यात जाते, आणि ओली जमीन वीज वाहते. पाठ करून घेतो, परीक्षेत विचारतो. आणि आमच्या परसातला तो पाइप वडिलांनी कोळसा-मीठ भरून पुरलेला, आई त्याला रोज एक तांब्या पाजत होती, आणि मी सगळ्यांसमोर तिला गप्प बसवून तो तीन उन्हाळे कोरडा मारला. मग नको असलेली वीज जाणार कुठे? म्हणून त्या मुंग्या, ते घूं, तीन गिटारी. त्या स्टुलावर बसल्या बसल्या मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तोंडातून निघून गेलं, "मास्तर, ती मला परत द्या. घेतली त्याच्या दुप्पट भावाने द्या."

मास्तरांनी गिटार छातीशी धरली. "मला माहीत होतं तुम्ही येताल," ते म्हणाले. आणि मग सहा महिन्यांचं सगळं बोलून मोकळे झाले. रसवंतीवर प्लग नाही हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. भाव ऐकून कळलंच होतं की काहीतरी खोट आहे. म्हटलं असेल तर असेल, खोलून बघू. घरी आणून लावली तर साफ. मग ते घाबरले. सरांनी चुकून चांगली वस्तू अर्ध्यात दिली, आता सर फोन करतील, वापस मागतील. आज येईल, उद्या येईल. नांदेडचा नंबर दिसला की ते उचलायचेच नाहीत. कार्यक्रमाच्या दोन सुपाऱ्या त्यापायी हुकल्या.

मग मी कबूल केलं. घरी घुमायची म्हणून चार महिने खोलत बसलो, जागा मुद्दाम निवडली, एकदम साफ म्हणालो ते खोटं म्हणालो. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, खोटं कुठं, साफच हाय की. मी पुन्हा म्हणालो, द्या ना मास्तर. ते तारांवरची धूळ पुसायला लागले.

"न्हाई देणार, सर. लई जीव हाय हिच्यात माझा. तुमच्याकडं चार महिने होती, तुम्ही ती खोलली, पण ऐकली न्हाई."

राग आला असता तर बरं झालं असतं, पण आलाच नाही. मी उठलो. दारापर्यंत येऊन मास्तर म्हणाले, लातूरला आले की येत चला, वाजवून जात चला, ती काही कुठं गेली न्हाई. मी मान हलवली. एसटीत खिडकीपाशी बसलो आणि अहमदपूरला रसवंती आली तेव्हा दुसऱ्या बाजूला तोंड केलं.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. चप्पल न काढता स्वयंपाकघरात गेलो, तांब्या भरला आणि मागच्या दाराने बाहेर. पाइपाभोवतीच्या मातीला भेगा पडल्या होत्या, बोट जाईल एवढ्या. पाणी ओतलं तर जिरलंसुद्धा नाही, भेगेतून खाली कुठे पळून गेलं. दुसरा तांब्या आणला, तिसरा आणला. चौथ्याला आई दारात येऊन उभी राहिली.

"पाणी काय नळाला रोज येऊन राहिलंय का?"

माझंच वाक्य, माझ्याच चालीत. तीन वर्षं तिने ते जपून ठेवलं होतं. मी म्हणालो, आई, ती मुदखेडची गिटार होती ना, तपकिरी. ती म्हणाली, हाव, चांगली वाजायची ती, विकली कशाला? मी सांगितलं. तुझा तांब्या बंद केला म्हणून विकावी लागली. गिटारीत काही नव्हतं. चूक माझी होती, आणि आता ती परत मिळत नाही.

अशा वेळी ती एखादा टोमणा मारेल असं वाटलं होतं, मारला असता तर मला हलकं वाटलं असतं. ती पायरी उतरून खाली आली आणि माझ्या हातातला तांब्या काढून घेतला.

"आण इकडं. एका जागी ओतून काय उपयोग? चहूबाजूनं टाकावं लागतं. तुझे बाबा असंच टाकायचे."

आणि ती पाइपाभोवती वाकून हळूहळू पाणी सोडत फिरली, एक पूर्ण चक्कर, आणि मी रिकाम्या हातांनी बाजूला उभा राहून पाहिलं.